नोंद न झालेली हवा

विषय : रोपवाटिकेच्या मालवाहू पिकअपमधील इंजिनाचा पिवळा दिवा पेटल्याबाबत.

संदर्भ : सौ. नंदिनी ओगले यांचे त्या प्रसंगीचे तोंडी उद्गार (ते येथे उद्धृत करणे उचित होणार नाही).

उपरोक्त विषयी निवेदन असे, की दिवा शुक्रवारी संध्याकाळी पेटला आणि दिनानाथ ओगले यांना मनापासून आनंद झाला. सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत जन्म काढलेला माणूस. निवृत्तीनंतर प्रथमच एक प्रकरण आपल्या पायांनी, म्हणजे चाकांनी, त्यांच्या दारात येऊन उभे राहिले होते.

पिकअप त्यांच्या पत्नीची, नंदिनीबाईंची. कोपरखैरण्यात त्यांची रोपवाटिका आहे. रबाळ्याच्या कंपन्यांना आणि कार्यालयांना त्या कुंड्या भाड्याने देतात. पिकअप त्या स्वतः चालवतात. दिनानाथराव शेजारी बसतात आणि जिथे जागा नसते तिथे "डावीकडे जागा आहे" असे सांगतात. धंद्यात त्यांचे स्थान एवढेच. ते वाढावे म्हणून त्यांनी वारंवार प्रयत्न केले होते. (एकदा त्यांनी गुलाबांची सेवाज्येष्ठता यादी करून दिली होती. ती बाईंनी खत म्हणून वापरली.)

"हे बघा," नंदिनीबाई म्हणाल्या, "रविवारी कामोठ्याच्या हॉलवर साखरपुडा आहे. माझी पहिली मोठी ऑर्डर. तोवर हा दिवा विझवून दाखवा, तुम्हाला धंद्यात घेते. नाही जमलं तर गप पेपर वाचत बसा. कबूल?"

"लेखी देतेस?"

"अहो!"

दिनानाथरावांनी प्रथम रीतसर मेकॅनिकला फोन लावला. हितेश बोनकोड्याचा. पलीकडून हळदीच्या बँजोचा दणदणाट आणि त्यातून हितेशचा आवाज आला, "काका, मी हलदीन हाय! गारीला हात लावू नको. सोमवारी येतंय मी!"

ही सूचना तोंडी होती. तोंडी सूचना बंधनकारक नसते, हे दिनानाथरावांइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी काडेपेटीएवढा एक स्कॅनर मागवला, शनिवारी सकाळी तो स्टिअरिंगखाली खोचला आणि मोबाईलवर अक्षरे उमटली : पी शून्य एक सात एक.

"अगं, जावक क्रमांक आला!" ते ओरडले.

"म्हणजे काय झालंय?"

"सिस्टीम टू लीन. इंजिनाला हवा जास्त होतेय आणि पेट्रोल कमी पडतंय."

"का पण?"

मग त्यांनी दोन तास मोबाईलवर वाचन केले. वाचन दांडगे होते आणि कुतूहल त्याहून दांडगे. जेवताना त्यांनी निष्कर्ष मांडला. "आपल्याकडे कार्य आहे असं समज. दारावर एक माणूस उभा राहून पाहुणे मोजतोय. तो सांगेल तेवढाच चहा आत टाकला जातो. पण मागच्या दाराने आणखी चार जण घुसले तर?"

"चहा कमी पडेल."

"तेच! दारावरचा माणूस म्हणजे सेन्सर. चहा म्हणजे पेट्रोल. कुठल्या तरी पाईपमधून न मोजलेली हवा आत घुसतेय. नोंद नाही, सही नाही, थेट प्रवेश! मी आयुष्यभर असले प्रकार खपवून घेतले नाहीत."

नंदिनीबाई क्षणभर प्रभावित झाल्या. (हा क्षण दिनानाथरावांनी मनात जपून ठेवला आहे. पुढे तसा दुसरा आला नाही.)

दुपारी बॉनेट उघडून पाहतात तो आत पाईपांचे जंजाळ. कोणता कुठून येतो, कुठे जातो, कशाला कशाचा पत्ता नाही. असल्या अनागोंदीत चौकशी कशी करायची? त्यांनी कपाटातून निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून आणलेले फायलींचे दोरीचे टॅग काढले, पुठ्ठ्याची लेबले कापली आणि सुवाच्य अक्षरांत एकेका पाईपला क्रमांक दिला. संध्याकाळी बॉनेटच्या आत असे काही दिसत होते, की एखाद्या साहेबाने तपासणीला यावे आणि शेरा देऊन जावे.

इंजिन सुरू केले तर ते थरथरायला लागले. स्कॅनरवर एकाचे तीन कोड झाले होते. दिनानाथराव डगमगले नाहीत. चौकशी सुरू झाली की प्रकरणे बाहेर पडतातच, हा त्यांचा कचेरीतला अनुभव होता.

रविवारी सकाळी कुंड्या भरून झाल्या. सोसायटीच्या फाटकाशीच पिकअपने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. नंदिनीबाई हॉलवाल्याला फोन करायला बाजूला गेल्या. दिनानाथरावांनी रात्री वाचलेली शेवटची चाचणी काढली : धूर सोडा, जिथे तो आत ओढला जाईल, तिथे गळती. त्यांनी इंजिन पुन्हा सुरू केले, ते कसेबसे धडधडू लागले, आणि देवघरातली उदबत्ती पेटवून ते इंजिनावर वाकले.

तळमजल्याच्या मालतीबाई भजनी मंडळ घेऊन निघाल्या होत्या. त्या थबकल्या. "नवीन गाडी का हो, दिनानाथभाऊ?"

"जुनीच. चौकशी चाललीय."

"कसली?"

"हवेची."

"खरंय बाई. हल्लीची हवाच वाईट," असे म्हणत मालतीबाईंनी चपला काढल्या आणि बंपरला कुंकू लावले. कोणीतरी वॉचमनकडून नारळ आणवला. धार्मिक बाबतीत हस्तक्षेप करण्याचे अधिकार दिनानाथरावांना नव्हते. आरती सुरू झाली तेव्हा उदबत्ती त्यांच्याच हातात असल्याने ओवाळणेही ओघाने त्यांच्याकडेच आले. ओवाळता ओवाळता त्यांच्या ध्यानात आले, की धूर प्रत्येक लेबलाजवळ वळतोय आणि आत जातोय. आरतीच्या भरात गळतीचा मुद्दा मागे पडला आणि त्यांनी समाधानाने मान डोलावली. गाडी सगळीकडून श्वास घेत होती. प्रकृती उत्तम होती.

"काय चाललंय हे?" नंदिनीबाई परत आल्या होत्या. "पेट्रोलच्या गाडीत उदबत्ती? विझवा आधी! आणि आत बसून ॲक्सिलरेटर दाबा हळूच. तासाभरात पोचलो नाही तर हॉलवाला दुसऱ्याच्या कुंड्या आणतोय."

मंडळाने आरती आवरती घेतली. दिनानाथराव आत बसले. उभ्या बॉनेटमुळे त्यांना बायको दिसेना, फक्त ऐकू येऊ लागली.

"अहो, ही लेबलं कशाला?"

"ओळख पटावी म्हणून!"

"बांधलीत कशी?"

"टॅगने!"

"टॅग पाईपभोवती गुंडाळलेला दिसत नाही."

"गुंडाळलेला टॅग सरकतो," दिनानाथराव अभिमानाने म्हणाले. "दाभणाने भोक पाडून ओवलाय. अगदी मधोमध. फाईलला ओवतात तसा!"

मग थरथरणारे इंजिन एकाएकी थोडे सावरले. पुन्हा थरथरले. पुन्हा सावरले.

"ऐकलंत?" पलीकडून आवाज आला. "भोकावर अंगठा ठेवतेय आणि काढतेय."

"सुधारणा जाणवते," दिनानाथराव म्हणाले.

"ठिबकच्या पाईपला मी भोकं पाडते ती पाणी बाहेर पडावं म्हणून. तुम्ही इथे कशाला पाडलीत?"

पाईपांची नोंद व्हावी म्हणून भोके पाडली होती, आणि बिननोंदीची हवा त्याच भोकांतून राजरोस आत येत होती.

कलमे बांधायची प्लास्टिकची पट्टी नंदिनीबाईंच्या पिशवीत असतेच. टॅग उपटून त्यांनी एकेक पाईप असा आवळून बांधला, की जणू हापूसचे कलमच बांधत होत्या. इंजिनाची थरथर थांबली. दिनानाथराव शेजारच्या सीटवर सरकू लागले, तेव्हा तिथे एक मोठा अरेका पाम आणून ठेवण्यात आला आणि त्याला सीटबेल्ट लावण्यात आला.

"मी कुठे बसू?"

"पेपर आलाय," नंदिनीबाई म्हणाल्या आणि गिअर टाकला.

कुंड्या वेळेत पोचल्या. साखरपुडाही झाला. सोमवारी हितेश आला. त्याने पाईप बदलले आणि एअर फिल्टरजवळची एक ढिली क्लिप पेचकसने आवळली. शुक्रवारपासूनचा मूळ दोष तेवढाच होता. पिवळा दिवा विझला. पण तो दिनानाथरावांनी विझवला नसल्याने धंद्यातील प्रवेशाचा प्रश्न निकालात निघाला.

तरी माणूस चिवट. मंगळवारी त्यांनी 'केवळ निरीक्षणासाठी बॉनेट उघडण्याची परवानगी मिळणेबाबत' असा अर्ज केला. हात पाठीमागे बांधून उभे राहण्याची तयारी दर्शवली. सोबत दाभण स्वखुशीने जमा केले.

बाईंनी अर्ज वाचून हितेशच्या अभिप्रायासाठी पाठवला. हितेशचा अभिप्राय आलेला नाही. त्याच्या घरी अजून दोन हळदी आहेत. दरम्यानच्या काळात तात्पुरती व्यवस्था म्हणून दिनानाथरावांना रोपांना पाणी घालण्याचे काम देण्यात आले आहे. त्यासाठी त्यांना झारी मिळाली आहे. पाईप देण्यात आलेला नाही.

अर्ज प्रलंबित आहे.