आठवडा बावन्न-ए

मुलुंड पूर्वेच्या 'पर्णकुंज सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' येथे दोन विंग आहेत, भरपूर गाड्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या गाड्यांना पुरेल एवढी जागा आहे. यावर संस्थेने पूर्वीच एक न्याय्य तोडगा काढला होता. एक आठवडा ए विंगच्या गाड्या आत आणि बी विंगच्या बाहेर रस्त्यावर. पुढचा आठवडा उलट. पाळी कोणाची हे सचिव वनमाला पेडणेकर दर सोमवारी सकाळी गेटाशेजारच्या फळ्यावर खडूने लिहीत. 'ए' असेल तर पुसून 'बी', 'बी' असेल तर पुसून 'ए'. ही पद्धत कधीच चुकली नाही आणि हीच तिची अडचण होती. जे चुकत नाही त्याचं आधुनिकीकरण करायला निमित्त कुठून आणायचं?

ते निमित्त शेजारच्या संस्थेने पुरवलं. तिने गेटवर बूम बॅरिअर बसवला. आपोआप वर जाणारा, आपोआप खाली येणारा, काचेवरचं स्टिकर ओळखणारा. महिन्याभरात पर्णकुंजनेही बसवला. आता प्रश्न एवढाच उरला की, हा आठवडा कोणाचा, हे त्या दांडक्याला कोण सांगणार?

सभेत हा प्रश्न निघाला तेव्हा ए विंगच्या यज्ञेश खांबेटेने हात वर केला. शेजारी बसलेल्या रेवतीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो हात बाहीला धरून खाली ओढण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण यज्ञेश अंधेरीच्या एका कंपनीत प्रिन्सिपल सोल्युशन आर्किटेक्ट होता. असा हुद्दा असलेल्या माणसाचा हात सहजासहजी खाली येत नाही. त्याने स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम लिहून बरीच वर्षं लोटली होती. हल्ली तो पडद्यावर चौकोन काढायचा, ते बाणांनी जोडायचा, आणि त्या बाणांतून काय वाहतं हे त्याच्या हाताखालची मुलं शोधून काढायची.

"एका ओळीचं काम आहे," यज्ञेश म्हणाला.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात या वाक्यानंतर कोणाचंही भलं झालेलं नाही. पण सभेने टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी पोह्यांची पहिली बशी संपून दुसरी येईपर्यंत ती ओळ लिहून झाली. वर्षातल्या प्रत्येक आठवड्याला एक क्रमांक असतो. क्रमांक विषम असेल तर ए विंग, सम असेल तर बी विंग. तो क्रमांक काढतात कसा, हे यज्ञेशला ठाऊक नव्हतं. तो काढून देणारी तयार सोय होती, ती त्याने उचलून लावली. तिच्या पोटात काय आहे ते उघडून पाहणं त्याच्या हुद्द्याला शोभलं नसतं. अध्यक्ष भाऊ रेगे यांच्या हस्ते त्याला शाल आणि श्रीफळ मिळालं. भाऊ एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते. तिथे त्यांनी आयुष्यात एकही निर्णय घेतला नव्हता आणि त्यामुळे त्यांच्यावर एकही चौकशी बसली नव्हती. फळा काढून भंगारात दिला.

पुढे बरेच महिने बॅरिअर चोख चालला. ए, बी, ए, बी. यज्ञेश येता-जाता त्याच्याकडे, पोटच्या पोराने प्रगतिपुस्तक आणल्यासारखा बघायचा.

मग वर्ष संपलं. एक जानेवारी शुक्रवारी आली. सोमवारी सकाळी बी विंगच्या गाड्या आठवडाभराचा वनवास संपवून गेटाशी रांगेने उभ्या राहिल्या आणि बॅरिअर ढिम्म हलला नाही. एवढ्यात ए विंगमधली एक गाडी दूध घेऊन परत आली. दांडा अदबीने वर गेला.

बी विंगचा सिद्धेश नागवेकर गाडीतून उतरला आणि त्याने खालूनच हाक मारली. "यज्ञेश! अरे खाली ये! तुझ्या दांड्याची वाट लागलीय!"

यज्ञेश लॅपटॉप घेऊन खाली आला. गेटाशी उभ्याउभ्याच त्याने तपासलं आणि त्याचा चेहरा उजळला. "चूक नाहीये काही," तो म्हणाला. "गेल्या आठवड्याचा नंबर त्रेपन्न होता. या आठवड्याचा एक."

"मग?"

"दोन्ही विषम."

रांगेतल्यांनी एकमेकांकडे बघितलं. यज्ञेशला वाटलं, लोकांना समजतंय. म्हणून त्याने आणखी समजावलं. वर्षाचे आठवडे बावन्न, हे शाळेत शिकवतात. पण बावन्न साती तीनशे चौसष्ट. वर उरणारे दिवस साठत जातात आणि दर पाच-सहा वर्षांनी त्यांचा एक त्रेपन्नावा आठवडा होतो. "आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे हे," तो शेवटी म्हणाला. "जगभर हेच चालतं."

"आमच्या गाड्या मुलुंडच्या आहेत ना यार," सिद्धेश म्हणाला. "लागोपाठ दोन आठवडे तुम्हीच आत?"

खरं तर इथे यज्ञेशला 'चुकलो' म्हणता आलं असतं. ती ओळ बदलायला, चहा उतू जायला लागतो तेवढा वेळ पुरला असता. पण आंतरराष्ट्रीय प्रमाण एकदा तोंडातून गेलं होतं, आणि गेटाशी सगळी बी विंग उभी होती. तो म्हणाला, "अध्यक्षांशी बोलतो."

भाऊंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सभेने मंजूर केलेली प्रणाली आहे. सभेशिवाय तिला हात लावता येणार नाही. विशेष सर्वसाधारण सभा बोलवू. अतितातडीची."

"कधी?"

"दहा दिवसांची नोटीस द्यावी लागते."

सिद्धेशची अडचण वेगळी होती. त्याच्या आईचं, सुगंधाकाकूंचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असे. बी विंग कंपाउंडच्या पार मागच्या टोकाला. डायलिसिसहून परत आल्यावर गेटापासून तिथवर चालणं काकूंना एखादा आठवडा कसंबसं निभे, लागोपाठ दोन नाही. पूर्वी बाहेरची गाडीही आईला दारात सोडून परत जायची. बॅरिअरला 'फक्त सोडून येतो' हे वाक्य कोणी शिकवलं नव्हतं, आणि रिक्षांना तर तो आत घेतच नव्हता. हाताने दांडा उघडायची किल्ली भाऊंच्या कपाटात होती.

"फक्त अग्निशमन दल किंवा अॅम्ब्युलन्स आली तर," भाऊ म्हणाले. "ठरावात तसं आहे."

"म्हणजे आई आजारी पडायची वाट बघू?" सिद्धेशचा आवाज चढला.

"ती आजारी आहेच की," भाऊ समजुतीने म्हणाले. "फक्त अॅम्ब्युलन्समध्ये नाहीये."

हे रेवतीला कळलं तेव्हा ती यज्ञेशला एवढंच म्हणाली, "आपली गाडी आत येते ना? मग तू सोड काकूंना. तिन्ही वेळा."

"माझं ऑफिस आहे गं."

"तिथे काय, चौकोनच काढायचेत ना? हॉस्पिटलात बसून काढ."

अशा रीतीने प्रिन्सिपल सोल्युशन आर्किटेक्ट सुगंधाकाकूंचा ड्रायव्हर झाला. पहिल्या दिवशी परत येताना काकू मागच्या सीटवर डोळे मिटून पडल्या होत्या. टोलनाक्याजवळ त्यांनी डोळे उघडले.

"तू नेमका काय करतंस रे ऑफिसात?"

"आर्किटेक्ट आहे, काकू."

"मगे बिल्डिंगी बांध. गेटात कित्याक मध्ये येतंस?"

यज्ञेशने त्यांना त्रेपन्नाव्या आठवड्याबद्दल सांगायला सुरुवात केली. काकूंनी पुन्हा डोळे मिटले. त्या थकल्या होत्या की त्यांना उत्तर नको होतं, हे त्याला कळलं नाही. गेटाशी दांडा त्याच्या गाडीसाठी अदबीने वर गेला आणि त्याला प्रथमच त्या दांड्याची लाज वाटली.

सभा भरली. पहिला विषय होता: आज कितवा आठवडा चालू आहे ते निश्चित करणे. यज्ञेशच्या लॅपटॉपवर दुसरा होता. वनमालाताईंच्या एक्सेलमध्ये तिसरा होता, कारण एक्सेल वर्षाच्या पहिल्याच दिवशी मोजायला बसतं, मग तो शुक्रवार का असेना. तिसऱ्या एका पद्धतीत तर जानेवारीचे पहिले एक-दोन दिवस चक्क शून्याव्या आठवड्यात पडत होते. शून्य सम की विषम यावर अर्धा तास चर्चा झाली. शून्याव्या आठवड्यात कोणीच गाडी लावू नये, अशी एक सूचनाही आली. ज्याने ती केली त्याच्याकडे गाडी नव्हती.

मग सिद्धेश उठला. "मला एकच विचारायचंय. त्या सोमवारी ए विंगवाल्यांना दुसऱ्यांदा दांडा उघडला. तुमच्यातल्या एकाला तरी वाटलं, की अरे, आपला तर झाला ना गेल्या आठवड्यात?"

यज्ञेशला आठवलं, त्या सोमवारी आठ वाजता त्याने स्वतः खिडकीतून आपली गाडी आत उभी असलेली पाहिली होती आणि त्याला छान वाटलं होतं.

"तर मग," भाऊंनी घसा साफ केला, "आरोप असा आहे की, श्री. खांबेटे यांनी हेतुपुरस्सर स्वतःच्या विंगला फायदा करून दिला."

"भाऊ, हेतू नव्हता हो! मला माहीतच नव्हतं की बावन्नच्या पुढे हे असं होतं. मी नुसतं उचलून लावलं."

भाऊंनी त्याला खुणेने जवळ बोलावलं आणि आवाज उतरवला. "यज्ञेश, नीट विचार कर. तुझी चूक असेल, तर प्रणाली चुकली. प्रणाली चुकली, तर ती मंजूर करणारी समिती चुकली. लेखापरीक्षणात सगळे अडकू. पण तू मुद्दाम केलं असशील, तर प्रणाली उत्तम आहे. तिने तुझं बरोब्बर ऐकलं. संस्थेच्या हिताचा प्रश्न आहे."

"म्हणजे मी चोर आहे म्हणू?"

"चोर कशाला म्हणतोस? हुशार म्हण."

"भाऊ, मी मूर्ख आहे, चोर नाही!" यज्ञेश हे जरा मोठ्यानेच बोलला. वनमालाताईंनी इतिवृत्तात नोंद केली: 'सभासदांनी आपण मूर्ख असल्याचे निवेदन केले. ते ग्राह्य धरण्यात आले नाही.'

यानंतर एकमताने ठराव झाले. यापुढे संस्थेत त्रेपन्नावा आठवडा असणार नाही. तेरावा मजला जसा बारा-ए होतो, तसा तो आठवडा 'बावन्न-ए' म्हणून ओळखला जाईल. बी विंगने ताबडतोब हरकत घेतली की, बावन्न-ए म्हटल्यावर तो ए विंगचाच झाला. त्यावर एक उपसमिती नेमली. दुसरा ठराव, नुकसानभरपाई म्हणून बी विंगला या खेपेस लागोपाठ दोन आठवडे मिळतील: चालू दुसरा आणि येणारा तिसरा. तिसरा ठराव, श्री. खांबेटे यांची संस्थेचे तांत्रिक सल्लागार म्हणून बिनविरोध निवड.

यज्ञेशला वाटलं होतं, आता सोसायटीत तोंड दाखवता येणार नाही. झालं उलटंच. ए विंगचे लोक जिन्यात त्याच्या पाठीवर थाप मारू लागले. बी विंगवाले त्याच्याशी अदबीने बोलू लागले. "मानलं यार तुला," सिद्धेश म्हणाला. "असा एक माणूस आमच्यात पाहिजे होता." वर्षानुवर्षं त्याने खराखुरा हुद्दा सांगितला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. लबाड ठरल्यावर मात्र लोक त्याला आपापले वायफाय दाखवायला बोलावू लागले. रेवतीपाशी तो याची तक्रार करायचा. ती करताना त्याचा आवाज जरा खुशीतच असतो, हे तिच्या लक्षात आलं होतं.

ठरावाप्रमाणे त्याने प्रणालीत एक ओळ वाढवली: तिसरा आठवडा बी विंगचा. या वेळी पोहे नव्हते, उपमा होता.

तिसरा आठवडा बी विंगच्या गाड्या आत राहिल्या. सुगंधाकाकू आपल्या मुलाच्या गाडीतून दारापर्यंत गेल्या. मग सोमवार उजाडला. ए विंगच्या गाड्या गेटाशी रांगेने उभ्या राहिल्या आणि दांडा हलला नाही. आठवडा चौथा होता. चार सम. सम म्हणजे बी विंग. तिसरा आठवडा बी विंगला दिल्यावर पुढचे सगळे सम-विषम उलटे फिरवायला हवेत, हे यज्ञेशच्या डोक्यातच आलं नव्हतं.

भाऊ, तेही ए विंगचेच, पायजम्यातच यज्ञेशकडे वर आले. "आत्ताच्या आत्ता बदल!"

"भाऊ, ठराव?"

"ठराव मागाहून करू! माझी गाडी नाल्याजवळ उभी आहे! किती घेतलेस रे बी विंगकडून?"

"शप्पथ सांगतो, चुकून झालं."

"चुकून," भाऊ कडवट हसले. "एवढा हुशार माणूस चुकतो होय?"

तेवढ्यात सिद्धेश दारात आला. त्याच्या हातात झाकलेला डबा होता. "आईने कोंबडी-वडे पाठवलेत," तो म्हणाला आणि भाऊंकडे वळला. "चौथा आठवडा सम आहे, भाऊ. आंतरराष्ट्रीय प्रमाण. जगभर हेच चालतं. बदलायचं असेल तर सर्वसाधारण सभा, दहा दिवसांची नोटीस." त्याचा स्वर अगदी नम्र होता.

"दोन आठवडे ठरले होते! तिसऱ्यांदा दांडा उघडला तेव्हा तुमच्यातल्या एकाला तरी काही वाटलं का?" भाऊंनी विचारलं.

सिद्धेशने डबा टेबलावर ठेवला, वडे गरम आहेत तोवर खायला सांगितलं आणि तो गेला.

भाऊ गेल्यावर यज्ञेश लॅपटॉप उघडून बसला. बदलायची ती एकच ओळ होती. बदलली, तर बी विंग म्हणणार, ए विंगने विकत घेतला. नाही बदलली, तर ए विंग म्हणणार, बी विंगने घेतला. चुकलो म्हणाला, तर कोणीच विश्वास ठेवणार नव्हतं. डब्यातून वाफ येत होती.

"काय करतोयस?" रेवतीने आतून विचारलं.

"विचार," तो म्हणाला आणि एक वडा त्याने उचलला.

या प्रकरणात बरोबर कोणाचं आणि यज्ञेशने काय करायला हवं होतं, हे तुम्ही एव्हाना मनाशी ठरवलंच असेल. तुमचा निर्णय न्याय्य असणार, याबद्दल शंका नाही. फक्त तो सांगण्यापूर्वी एकदा खिडकीतून डोकावून, तुमची गाडी कुठे उभी आहे तेवढं बघून घ्या.