मानाची बॅटरी

माणूस फक्त फायदा बघतो, हे अर्थशास्त्राचं त्रिकालाबाधित सत्य आहे. शिरूरच्या कॉलेजात मी ते वर्षानुवर्षं शिकवलं. आमच्या मोनिकाच्या लग्नापर्यंत ते टिकलंही.

अभ्यासक्रमात एक प्रकरण होतं, 'आरंभीच्या संस्थावादी अर्थविचारावर समाजशास्त्राचा प्रभाव'. परीक्षेला येत नाही म्हणून मी ते गाळायचो. शेजारच्या वर्गात समाजशास्त्र शिकवणारे मीरासाहेब चिडवायचे, "सर, माणूस बाजारभावावर चालत नाही, रूढीवर अन् मानावर चालतो! तुमच्या संस्थावाद्यांनी हे आमच्याकडूनच घेतलं. तुम्ही नेमकं तेच गाळता!"

"उसनं ज्ञान आम्हाला चालत नाही," मी म्हणायचो.

तर लग्न. मानकऱ्यांना टोपी-टॉवेल द्यायची आपली रीत. ती टोपी कुणी घालत नाही, त्या टॉवेलनं कुणाचं तोंड पुसलं जात नाही. मी ठरवलं, प्रत्येकाला बॅटरी! तिप्पट किमतीची! लोडशेडिंगच्या दिवसांत याहून मोठा मान कुठला?

मुहूर्ताच्या आधी नवरदेवाच्या मामांना, भांडगावच्या ज्योतिबा आबांना, माइकवरून पुकारलं. मी बॅटरी पुढे केली. वांग्यात अळी निघावी तसं आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"ह्ये काय?"

"बॅटरी, आबा. उपयोगी वस्तू!"

"मी काय राखणदार हाय व्हय?"

"अहो, अंधारात दिसायला..."

"मला दिसाउजेडी दिसतंय की! माझा मान ठेवला न्हाई, त्ये बी दिसतंय!"

आबा तडक बाहेर चिंचेखाली जाऊन बसले. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय नवरदेव पाटावर चढेना! मी फायद्याचा नियम लावला आणि दोन बॅटऱ्या देऊ केल्या. तर आणखी चार मानकरी उठून चिंचेखाली गेले!

मुंडावळ्या बांधलेली मोनिका रडवेली झाली. "पप्पा, प्रयोग करायला माझंच लग्न सापडलं?"

तेवढ्यात मीरासाहेब घामाघूम होऊन आले. हातात फुगलेली पिशवी.

"बॅटऱ्यांची खोकी बघितली अन् तसाच घरी पळालो," ते म्हणाले. पिशवीत टोप्या, टॉवेल! तालुक्यातल्या यच्चयावत लग्नांत त्यांना मिळालेले, घडीसुद्धा न मोडलेले. "घ्या. अन् सर, स्वतःच्या हातानं घाला."

मी चिंचेखाली गेलो आणि वाकून टोपी घातली. ती आबांच्या डोक्यावर कावळ्यासारखी नुसती टेकली.

"आता कसं!" म्हणत आबा उठले. मागोमाग सगळी चिंच उठली. अक्षता पडल्या आणि मी भर मांडवात मीरासाहेबांना मिठी मारली. ते गाळलेलं प्रकरण हल्ली मी सर्वांत आधी शिकवतो, मीरासाहेबांचं नाव घेऊन.

मंगलाष्टकं संपताच आबांनी टोपी काढून खिशात कोंबली. निघताना बॅटरीही नेली.