जनूभाऊंचं लाइट बिल

जनूभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे आणि मग माणसांना नमस्कार करायचे. पोराचा ताप बघावा तसा उलटा तळहात. टीव्ही, फ्रिज, चार्जर अशी सगळ्यांची तब्येत पाहून झाली की निदान व्हायचं, "ताप हाय याला. खातोय." दुखवट्याला गेले तरी यात खंड नाही. एका घरी तर त्यांनी गेलेल्याच्या फोटोवरची रंगीत माळ बंद करून समई लावायला लावली होती. "गेलेल्या माणसाला उजेड लागतो," ते म्हणाले, "लुकलुक लागत न्हाय."

माझ्या बायकोची बदली बोर्ली पंचतनच्या शाळेत झाली आणि आम्ही जनूभाऊंच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाऊ मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन गावी आलेले. घरामागे नारळी-सुपारीची वाडी, घरात ते आणि वहिनी. मी उरणच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचे हिशेब घरी बसून करतो. कंटेनर तिकडे हलतात, आकडे इकडे. त्यामुळे माझा कॉम्प्युटर सकाळी सुरू होतो तो संध्याकाळीच थांबतो.

सामान उतरत होतं तेव्हा भाऊंनी आमच्या गाद्यांकडे, भांड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. कॉम्प्युटर टेम्पोतून खाली आला तसे मात्र पुढे झाले.

"हा दिवसाला किती जेवतो?"

"पंख्याएवढंच, भाऊ."

"पंख्यानं वारा तरी येतो."

मीटर एकच होतं आणि लाइट भाड्यातच धरलेली. तेव्हा रोज माडीवर फेरी मारणं हा त्यांचा हक्कच होता. मी चहाला उठलो की परत येईपर्यंत स्क्रीन काळी झालेली असे. ती सुरू असली तर तिचा उजेड कमी करायला लावत. "आकडे काय अंधारात पळून जातात?" आणि जाता जाता ठरलेलं वाक्य, "दूध उतू गेलं की वास येतो. वीज उतू गेली की बिल येतं!"

आणि ते आलंच. गणपती झाल्यावर जे बिल आलं ते पाहून वहिनी ओटीवर मटकन बसल्या. दुपटीच्या वर. पुढच्या वेळी त्याहून जास्त. भाऊंनी एकदा माझ्या खिडकीकडे बोट केलं आणि निकाल लागला.

"काल रातीपण चालू व्हता," ते वहिनींना म्हणाले.

रात्री मी गाढ झोपलेला होतो, पण ऐकणार कोण? वहिनी बोलायला तिखट नाहीत, सरळ आहेत. त्या म्हणाल्या, "भावजी, शिमग्यानंतर दुसरी जागा बघा. आम्हाला झेपत न्हाय."

गावात जागा मिळणं अवघड, बायकोची शाळा इथेच. मी भाऊंना म्हटलं, "माझ्या खोल्यांना वेगळं सबमीटर लावूया. खातो किती ते दिसेल." एक-एक युनिटासाठी जीव टाकणारा माणूस ते ऐकून आनंदाने उडी मारेल, अशी माझी कल्पना. भाऊ उलट गडबडलेच.

"मीटर कशाला? माणसाचा शब्द हाय ना."

"माझा शब्द तुम्ही ऐकता कुठे?"

"व्हय, ते खरं. पण मीटर खोटं बोलतं."

मी बाजारातून सबमीटर आणून बसवलंच. आठवडाभर पाहिलं. माझा कॉम्प्युटर दिवसाला जेमतेम एक युनिट खात होता. मी तो आकडा घेऊन खाली निघालो, तर भाऊ जिन्यातच आडवे आले. "सांगितलं ना, खोटं बोलतं!"

आता मलाच चैन पडेना. वहिनी हरिहरेश्वरला दर्शनाला गेल्या होत्या, बायको शाळेत, भाऊ वाडीत. मी घरातलं एकूण एक बटण बंद केलं, फ्रिजसुद्धा. मग मोठ्या मीटरसमोर उभा राहिलो. त्याचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता; वीज कुठेतरी जातच होती.

मीटरपासून एक वायर वाडीतल्या पंपाच्या खोलीत जात होती. पंप बंद. पण तिथून दुसरी एक काळी वायर निघाली होती, सुपारीच्या बुंध्यांना बांधलेली, जमिनीवर आली तिथे झावळ्यांनी झाकलेली. मी तिच्या मागे मागे गेलो. ती विहिरीला वळसा घालून दत्तूदादांच्या मागच्या दारात शिरत होती.

दत्तूदादा हे भाऊंचे थोरले भाऊ. विहिरीच्या वाटणीवरून दोन्ही घरांचं बोलणं तुटलेलं; साऱ्या गावाला ते ठाऊक होतं.

दारातून पाहिलं तर दादा खाटेवर टेकून बसलेले. नाकात नळ्या, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. समोर भाऊ, हातात पेजेची वाटी.

"बंद कर तुझी लाइट," दादा धापा टाकत म्हणाले. "तुझ्या विजेचा श्वास नको मला."

"मग सोड बाहेर. घेतलास ना आत? सोड."

दादांना हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला. भाऊंनी त्यांची पाठ चोळली आणि म्हणाले, "आता आ कर."

मग त्यांनी मला पाहिलं. वाटी खाली ठेवून बाहेर आले. आम्ही विहिरीच्या कठड्याशी उभे राहिलो.

"डॉक्टरनं मशीन सारखं चालू ठेवायला सांगितलंय," ते म्हणाले. "याची सून दिवसभर दिवेआगरला खानावळीत कामाला. हा एकटा. जरा बरं वाटलं की बटण बंद करायचा. बिल येतं म्हणून. आमची दोघांची खोड एकच वो, बापानं लावलेली."

"वहिनींना ठाऊक नाही?"

"भांडणात तिला लई वाईट बोलला व्हता हा. तिचा राग खरा हाय. तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि माझा कॉम्प्युटर?"

"त्याला वाईट वाटत न्हाय. यंत्र हाय."

"मला वाटतं ना, भाऊ!"

ते ओशाळले. "व्हय. तुम्हाला वाटणारच."

संध्याकाळी वहिनी प्रसाद घेऊन माडीवर आल्या. मागे भाऊ.

"काय म्हणतं तुमचं मीटर?" वहिनींनी विचारलं.

"तुमचंच खरं निघालं, वहिनी," मी म्हणालो. "फार खातो. भाडं थोडं वाढवून देतो, पण आम्हाला राहू द्या."

भाऊंनी प्रसादाची पुडी सोडायला घेतली, ती त्यांना बराच वेळ सुटली नाही.

त्यानंतरही ते फेरी मारत. जिन्यातून वहिनींना ऐकू जाईल असं ओरडत यायचे, "चालूच हाय का अजून?" आत आले की शहाळं माझ्यापुढे ठेवून गुपचूप बसायचे. "आज दोन घास जास्त जेवला," एवढंच सांगून उठायचे.

उन्हाळ्यात दादा गेले. वहिनी सगळ्यात आधी धावल्या आणि सगळ्यात जास्त रडल्या. भाऊंनी दिवसकार्य झाल्यावर वाडीतली वायर एकट्याने गुंडाळली.

पुढचं बिल घेऊन वहिनी हसत वर आल्या. "निम्म्यावर आलं, भावजी! सुधारला तुमचा कॉम्प्युटर!"

बिल त्यांनी माझ्या हाती दिलं आणि स्वयंपाकाला गेल्या. मी खाली आलो. भाऊ ओटीवर पाय सोडून बसले होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला, परत वाचला आणि कागद मला परत दिला.

"तुम्हीच ठेवा," ते म्हणाले. "एवढं कमी बिल बघवत न्हाय वो."