इंजिनाचं उष्टं

धारवाड आणि अळणावरच्या मधे तेगदकट्टी नावाचं एक स्टेशन होतं. गाव असं नव्हतंच. इंजिनाला तहान लागते म्हणून झालं. गाडी पाण्याला थांबे, उतारू पाय मोकळे करीत आणि शेषगिरीच्या हॉटेलातल्या मिरची-भज्यांवर तुटून पडत. हॉटेलामागून सागाची वखार आली, वखारीमागून शाळा, मग टेनिस खेळणारा डॉक्टर. शेवटी, चार घरं झाली की येतेच ती, सुधारणा समितीही आली.

अध्यक्ष विठ्ठलराव, धारवाडच्या मळमड्डीचे पेन्शनर. त्यांना एक भयंकर गोष्ट आढळली. स्टेशनच्या विहिरीचं पाणी गाव पितं आणि इंजीनही पितं, तेही नळीला तोंड लावून!

"शिव शिव! म्हणजे आपण आजवर इंजिनाचं उष्टं पितोय!" समितीतले बाळाचार्य मटकन खाली बसले. "त्यात ते विलायतेतलं. समुद्र ओलांडून आलंय. प्रायश्चित्त घेतलंय का त्यानं?"

घेतलं नव्हतं. शिवाय नळी धरी तो परशुराम, इंजिनात कोळसा टाकणारा. त्याच्यासाठी शेषगिरीनं मागच्या कोनाड्यात कान तुटलेला कप वेगळा ठेवला होता आणि त्यात चहा वरून ओतत असे. त्यामुळे समितीचं म्हणणं शेषगिरीला लगेच पटलं. इंजिनाचं पाणी तोडा, अशा रेल्वे कंपनीला लिहिलेल्या अर्जावर पहिली सही त्यानंच ठोकली.

"अय्यो, डोकं ठिकाणावर आहे ना?" त्याची बायको हेमावती कडाडली. "गाडी काय तुमच्या भज्यांना थांबते? तिचं पाणी तोडलंत तर आपलं हॉटेल बुडालं!"

"तुला नाही कळायचं. अध्यक्ष मला शेषगिरीराव म्हणाले."

कंपनीनं नम्रपणे कळवलं की इंजीन वरूनच पितं, नळीला तोंड लावत नाही. समितीनं समक्ष खात्री करावी. समिती छत्र्या घेऊन गेली. नळी सुटली आणि अध्यक्ष धोतरासकट न्हाऊन निघाले. निष्कर्ष असा निघाला की इंजीन सोवळं असेलही, पण शिंतोडे उडतात. सबब इंजिनाला वेगळी विहीर द्यावी, गावापासून सुरक्षित अंतरावर.

कंपनीनं मागणी पूर्णपणे मान्य केली. विहीर पुढच्या स्टेशनावर खणली. तेगदकट्टीत पेढे वाटले, वाजंत्री वाजली, शेषगिरीच्या गळ्यात हार पडला. दुसऱ्या दिवशी तो भज्यांची परात घेऊन फलाटावर उभा राहिला. गाडी आली, शिट्टी मारली आणि गेली.

मग काय! डॉक्टर गेला, वखार गेली, शाळेत शेळ्या शिरल्या. अध्यक्ष मळमड्डीला परतले, आणि जाताना 'विहीर मात्र शुद्ध झाली' म्हणाले. झालीच होती, प्यायला कोणी उरलंच नव्हतं. शेषगिरी रिकाम्या हॉटेलात बसून ढसाढसा रडला.

शेवटी परशुरामानंच ड्रायव्हरच्या हातापाया पडून गाडी घटकाभर थांबवली. "अण्णा, अक्का, चढा बिगीबिगी!" म्हणत चूल, कढई, तपेली, पिण्याच्या पाण्याचा हंडासुद्धा त्यानं आपल्या हातांनी डब्यात चढवला. पुढच्या स्टेशनावर तसाच उतरवूनही दिला.

तिथं शेषगिरीचं हॉटेल पुन्हा उभं राहिलं. पहिला चहा उकळला. परशुरामाला पहिला मान! शेषगिरीनं मोठ्या प्रेमानं त्याला हाक मारली, कोनाड्यातला कान तुटलेला कप काढला आणि काठोकाठ भरला. वरून.

हसताय? हसा की. पण तुमच्या घरी मोरीजवळ एक कप पालथा घातलेला असतो, तो कुणाचा?