हिंदुरावची पाळी

सलग चौथ्या सोमवारी हिंदुरावने भिंतीवरच्या खडूच्या सात रेघा पुसल्या आणि पुन्हा पहिली रेघ ओढली. चुलीपुढे बसलेल्या विमलने ते पाहिलं आणि तवा जरा जोरातच आपटला.

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात नोकरी लागली म्हणून दोघं साताऱ्याकडून येऊन कासारवाडीत राहिली. तिथल्या दवाखान्यातल्या नर्स रुक्मिणीबाईंनी, रांगेतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, हिंदुरावला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पाळी सुरू झाली की दिवस मोजा. दहाव्यापासून अठराव्यापर्यंत एकत्र राहा. तोवर संयम."

हिंदुराव आज्ञाधारक माणूस. कारखान्यात पाळी दर सोमवारी बदलायची, म्हणून दर सोमवारी पहिला दिवस. दहावा काही उजाडेना. संयम मात्र त्याने इतका काटेकोर पाळला की अंथरूणसुद्धा ओसरीवर नेलं.

शेवटी विमलचा धीर सुटला, ती रडू लागली. "दुसरी करायची आसंल तर तोंडानं सांगा. अंथरूण कशापायी हलवता?"

"अगं, मूल पायजे म्हणूनच लांब झोपतोय!"

विमल रडायचीच थांबली. नवऱ्याला कुणीतरी काहीतरी खायला घातलंय, अशी तिची खात्री पटली.

हिंदुरावने मग सरळ अर्ज दिला : अठरा दिवस एकच पाळी मिळावी. दुपारी टाइमकीपर यशवंतरावांनी त्याला बोलावलं.

"अर्ज वर गेलाय. पण मस्टरवर कारण काय लिहू?"

"मूल पायजे, साहेब."

यशवंतरावांचा टाक मस्टरवर टेकला तो तिथेच राहिला. खडूच्या रेघांपर्यंत सगळं ऐकल्यावर त्यांनी डोळे पुसले. "अरे, नर्सबाई म्हणतात ती पाळी माझ्या मस्टरवर नसते! बायकोला कावळा कधी शिवला, ते बघ."

हिंदुरावच्या गावी त्या गोष्टीला कावळा शिवणं एवढंच नाव होतं. पाळी कारखान्याचीच असते, ही त्याची प्रामाणिक समजूत. तो धावत घरी आला. विमलने लाजत बोटं मोजली. आज नववा दिवस होता! त्याने अंथरूण ओसरीवरून आत आणलं आणि विमल किती दिवसांनी मोकळी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून अर्ज मंजूर होऊन आला. अठरा दिवस एकच पाळी. त्या दिवसापासूनच. रात्रीची.

आयुष्यात पहिल्यांदा हिंदुरावने आज्ञा मोडली. चार दिवस तो कारखान्याकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी हातात नोटीस पडली, तेव्हा त्याने मन लावून खुलासा लिहिला : 'पाळीमुळे पाळीवर येऊ शकलो नाही. क्षमा असावी.'

यशवंतरावांनी वाचला, शेजारच्या टेबलाला दाखवला आणि चार दिवसांची रजा मांडली. शिवाय पाळीही दिवसाची करून दिली.

महिनाभर हिंदुराव भोंग्याच्या आधी फाटकावर हजर असे. पुन्हा खाडा करायची त्याची छातीच नव्हती. अशाच एका सकाळी तो शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खात असताना विमल जवळ येऊन बसली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "पाळी चुकली."

हिंदुराव ताडकन उठला. टोपी डोक्यावर, डबा काखेत, एक पाय वहाणेत.

"अगं, मग आधी न्हाई का उठवायचं!"

विमलने त्याच्या काखेतला डबा काढून घेतला.

"बसा हो. तुमची न्हाई," ती म्हणाली, "माजी."