दुसऱ्या शिंकेची वाट

दीपालीनं चपलेत पाय घातला आणि तिचा नवरा सुदाम फाडकन शिंकला.

"हं! बस खाली," सासू नागाबाई म्हणाली. "निघताना एकच शिंक म्हंजी काम बोंबललं. दुसरी आली की जा."

"आत्या, लातूरला मुलाखत हाय माझी! गाडी सुटल ना!"

"गाडी सुटलेली परवडली. हातची नोकरी सुटली तर?"

मग सगळं घर सुदामच्या नाकामागं लागलं. त्याला उन्हाकडं बघायला लावलं, नाकात वात फिरवली. सुदाम डोळे मिटायचा, तोंड वासायचा, आणि आलेली शिंक दारातूनच माघारी जायची.

"अय, जोर लाव की!"

"माय, शिंक हाय ती, बैलगाडी न्हाई!"

शेवटी नागाबाईनं तापल्या तव्यावर मूठभर लाल मिरच्या टाकल्या. ठसका असा उठला, की शेजारची म्हैस शिंकली आणि दावं तोडून थेट किल्लारीच्या रस्त्याला लागली. तिच्या मागोमाग सुदामही शिंकला.

"झाली! पळ पोरी!"

तिघं धावत स्टँडवर आली. लातूरची गाडी इंजिन बंद करून उभीच होती. आत सगळ्यांचे रुमाल नाकाला. ड्रायव्हर गुरुपादप्पा पायरीवर बसलेला.

"मामा, गाडी का थांबली?" दीपालीनं विचारलं.

"कोण मिरच्या भाजून राहिलं काय की! गियर टाकला अन् शिंक आली. एकच. आता दुसरी आल्याबिगर मी काय निघत न्हाई."

नागाबाई भडकली. "एवढा शिकलेला माणूस तू! शिंकेबिंकेवर कुठं कामं अडतेत व्हय? काढ गाडी!"

सुदाम मायकडं बघतच राहिला.

दीपाली पुढं झाली. मिरचीच्या धुरात मुरलेला पदर तिनं गुरुपादप्पाच्या तोंडापुढं एकदा झटकला. तो असा शिंकला, की हॉर्न आपोआप वाजला. दीपाली चढली, गाडी सुरू झाली.

चाक हललं आणि नागाबाईच्या नाकात हुळहुळलं. तिनं दोन्ही हातांनी नाक गच्च दाबलं. तोंड मिरचीसारखं लाल झालं.

"माय, सुनेला हात तरी हलव!"

तिनं नुसती मान हलवली. गाडी वळणाआड गेली, तेव्हा कुठं हात सोडले. लिंबावरचे सगळे कावळे उडाले.

"माय! एकच की गं!"

नागाबाईनं पदरानं नाक पुसलं. "गाडी गेल्यावरची मोजत न्हाईत."