संकटकालीन दरवाजाचे उद्घाटन

इमारतीला आग लागल्यावर माणसे बाहेर कशी पडतात, या गंभीर विषयावर कऱ्हाटीच्या श्रेयाने पुण्यात संशोधन केले होते. गावाने त्यातून एवढाच अर्थ काढला की पोरगी पळण्यात डॉक्टर झाली.

भाऊ ऋषिराजचे लग्न माळेगाव रस्त्यावरच्या नव्या मंगल कार्यालयात होते. करवली म्हणून मिरवायचे सोडून ही बया दरवाजे बघत फिरत होती. पुढचा दरवाजा एक. मागच्यावर लाल अक्षरांत ‘संकटकालीन मार्ग’ लिहिलेले, पण त्याला कुलूप. कुलपावर फीत बांधलेली आणि फितीपुढे आईस्क्रीमचा टेबल.

“मानसिंगकाका, हे कुलूप कशाला?” तिने व्यवस्थापकाला विचारले.

“उद्घाटन व्हायचंय, ताई. परमुख पाव्हण्यांची तारीखच मिळंना. किल्ली खिशात हाय माझ्या, काळजी नगं.”

“आणि त्याआधी आग लागली तर?”

“पाव्हण्यांच्या आधी?” मानसिंगला तो शिष्टाचाराचा भंग वाटला.

अक्षतांआधी मान्यवरांचे आशीर्वाद सुरू झाले आणि पुढच्या दाराशी मांडलेल्या भज्यांच्या कढईने पेट घेतला. जाळ कमानीच्या कापडाला लागला. आगीचा इशारा देणारा भोंगा वाजू लागला. डीजेवाल्याचे काहीतरी बिघडले असावे, असे सर्वानुमते ठरले. धूर आत शिरला तशी श्रेया पुढच्या खुर्च्यांकडे झेपावली. पहिल्याच रांगेत, गुडघ्यांनी जेरीला आलेली तिची आजी ठमाबाई बसली होती.

“आजी, ऊठ! मागच्या दारानं निघू.”

“अगं, व्याही बसल्यात अजून. आपुन आधी उठलो तर बरं दिसंल का?”

श्रेया मानसिंगकडे धावली. “काका, सगळ्यांना बाहेर पडायला सांगा!”

मानसिंगने माइक घेतला, घसा साफ केला. “आगीचे औचित्य साधून मी मान्यवरांना विनंती करतो, त्यांनी क्रमाने बाहेर पडावे.” सरपंच झाले, माजी सरपंच झाले, सोसायटीचे संचालक झाले. भावकीतल्या वजनदार दादासाहेबांचे नाव तेवढे राहिले. झालं! दादासाहेबांनी उपरणे झटकले.

“आमाला कोण मोजतंय! आमी बसतो हितंच.”

त्यांची भावकी बसली. नावे घेतलेलेही परत बसले. दादासाहेब रुसलेले असताना निघायचे कुणी?

श्रेयाच्या संशोधनात घबराट होती, चेंगराचेंगरी होती. रुसव्यावर एक ओळ नव्हती. तिने माइक हिसकावला.

“संकटकालीन दरवाजाचे उद्घाटन आदरणीय दादासाहेबांच्या शुभहस्ते!”

दादासाहेब उठले. टेबल सरकला, कुलूप निघाले, फीत कापली गेली. लोकांनी खोकत खोकत टाळ्या वाजवल्या. आणि दादासाहेब उंबऱ्यातच वळून उभे राहिले. फोटोसाठी.

“या प्रसंगी दोन शब्द...”

“बाहीर बोल की, मुडद्या!” ठमाबाईने त्यांना काठीने ढोसले. दादासाहेब बाहेर गेले, मागोमाग अख्खे लग्न. श्रेया आजीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

आग विझली. अक्षता पार्किंगमध्ये पडल्या. तारीख न देणारे पाहुणे मात्र आपल्याला डावलले म्हणून नाराज झाले, तेव्हा दरवाजाला पुन्हा कुलूप लागले आणि नवी फीत आली.

हसलात ना? मग मागच्या लग्नात तुम्ही जिथे जेवलात, त्या कार्यालयाचा दुसरा दरवाजा आठवून बघा. नाही आठवत? बरं, आईस्क्रीमचा टेबल कुठे होता, ते तर आठवतंय. त्याच्याच मागे होता.